दोन हजारांचा दंड

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा पाऊण तास एका मुलीवर गेला. ती नर्स आहे, मीरा रोडला रात्रपाळी करते आणि तिला दुसऱ्या मजल्यावरचा वन आरके भाड्याने हवा आहे. रात्री बाहेर असते म्हणजे नक्की कुठे असते, घरचे कुठले, अजून लग्न का केलं नाही, भेटायला कोण येणार, सगळं विचारून झालं. "बिल्डिंगचं नाव खराब व्हायला नको," असं म्हणून तिचा अर्ज बाजूला पडला. मग मी उठून विचारलं, की चौथ्या मजल्यावर वर्षभरात तिसरे भाडेकरू आले, मालक कधी फिरकत नाहीत, त्या भाडेकरूंची पोलिसांकडे नोंद झाली आहे का? उत्तर मिळालं, "काकू, ती फॅमिली आहे. भाडं वेळेवर येतं, मेंटेनन्स वेळेवर येतो." पुढचा विषय लिफ्टचा निघाला आणि माझा प्रश्न तिथेच राहिला.

टँकरच्या पाण्यावर आणि स्टेशनच्या गर्दीवर या सदरात मी पुष्कळ चिडचीड केली आहे. हा राग त्या जातीचा नाही.

आपल्या नायगावात 2025 च्या जुलैअखेरीस काय घडलं ते सगळ्यांनी वाचलं आहे. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिसांच्या अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाने दोन सामाजिक संस्थांच्या मदतीने धाड घातली आणि बांगलादेशातून आणलेल्या एका अल्पवयीन मुलीला सोडवलं. ओळखीच्याच बाईने तिला फूस लावून आणलं होतं. तिला गुजरातेत नडियादलाही नेलं होतं. तिने सांगितलेला अत्याचार करणाऱ्यांचा आकडा दोनशेच्या वर होता.

ही बातमी आली त्या आठवड्यात लेडीज डब्यात, मासळी बाजारात, सोसायटीच्या ग्रुपवर बोलणं झालं ते दोनच गोष्टींवर. एक तो आकडा, दुसरी ती बांगलादेशी असल्याची गोष्ट. "ती लोकं येतातच कशी?" हे मी जिकडेतिकडे ऐकलं. ती आली नव्हती, तिला आणलं होतं. शाळेत जायच्या वयाची पोर सीमा ओलांडून, राज्याराज्यांतून आपल्या गावात आणली जाते, तेव्हा तिला कुठल्या तरी छपराखाली ठेवावं लागतं. छप्पर भाड्याचं असो की मालकीचं, त्याला दार असतं, शेजार असतो, वीजबिल असतं. ते छप्पर तिला कुणी दिलं, हा प्रश्न मात्र कुणाच्या तोंडी आला नाही.

पूर्वेला मिठागरांच्या कडेने टॉवर उभे राहिले तशी भाड्याच्या घरांची साखळीच तयार झाली. मालक बोरिवलीला नाहीतर दुबईला, चावी एजंटकडे, करार अकरा महिन्यांचा, डिपॉझिट रोख. ओळखीच्या एका एजंटला मी सरळ विचारलं, की भाडेकरूसोबत एखादी लहान मुलगी दिसली तर तू काय विचारतोस? तो म्हणाला, "भाची आहे म्हणतात, काकू. मी कशाला खोलात जाऊ?" दलाली त्याला एका महिन्याच्या भाड्याइतकी मिळते. सोसायटीही बिगरभोगवटा शुल्क न चुकता वसूल करते. घरात कोण राहतं ते मात्र कुणी पाहत नाही, आणि एकट्या नर्सला आरोपीसारखं उभं केलं जातं.

आता कायदा बघा. माणसांचा व्यापार करणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 खाली, बळी अल्पवयीन असेल तर किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. हे कलम कडकच आहे. पण घर देणाऱ्याला लागतो तो 1956 चा अनैतिक व्यापार (प्रतिबंध) कायदा, म्हणजे पिटा. जाणूनबुजून कुंटणखान्यासाठी जागा देणारा मालक किंवा त्याचा एजंट पहिल्यांदा दोषी ठरला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड जास्तीत जास्त 2,000 रुपये! नायगावात एका खोलीचं डिपॉझिटसुद्धा याच्या कितीतरी पट असतं.

"मला माहीत नव्हतं" हा मालकाचा बचाव तोडायची सोय त्याच कायद्यात आहे, ती वापरली मात्र पाहिजे. धाडीची बातमी मालक राहतो त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात आली, किंवा झडतीत सापडलेल्या वस्तूंच्या यादीची प्रत मालकाला दिली, तर त्याला माहिती होती असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करणं मग त्याच्या माथी. पीडिता लहान असेल तर तिची ओळख उघड होईल असा पत्ता छापता येत नाही, आणि छापूही नये. म्हणून ती यादी हातात देणं महत्त्वाचं.

सोडवलेल्या मुलीचं पुढे काय, यावरही सरकारने बोललं पाहिजे. परदेशी बळीवरच तेव्हाच्या विदेशी नागरिक कायद्याखाली खटला चालवू नये, असं केंद्राच्या गृहखात्याने मे 2012 मध्येच राज्यांना कळवलं आहे. तरी आपल्याकडे "आधी हिला हाकला" अशी भाषा होते, तेव्हा माझा जीव तुटतो. साक्षीदार म्हणून ती हवी, आणि त्याआधी एक लेकरू म्हणून तिला निवारा, औषध, शाळा हवी.

फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे राज्याला राष्ट्रपतींच्या मंजुरीने दुरुस्ती करता येते. महिला-बालकांवरील अत्याचारांसाठीचं शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केलं, पण ती मंजुरी मिळाली नाही. एवढ्या मोठ्या विधेयकाऐवजी छोटी दुरुस्ती आणावी, असं मी वसईच्या आमदारांना लिहिलं आहे. पिटाच्या कलम 3 मधला दंड लाखांत न्यावा आणि भाडेकरूसोबत राहणाऱ्या प्रत्येक मुलाची नोंद न करणाऱ्या एजंटाचा धंदा बंद करावा, या दोन मागण्या त्यात आहेत. पत्राची प्रत आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनाही दिली आहे.