निःशब्द गाड्यांचे स्तोम

ज्या गोष्टीकडे सहज दुर्लक्ष करता येईल तिचा ध्यास घ्यावा आणि जिच्याकडे पाहणे अगत्याचे तिकडे कानाडोळा करावा, ही मनुष्यस्वभावाची जुनीच खोड आहे. या खोडीचा नमुनेदार दाखला कोणास हवा असेल, तर त्याने आजच्या उंची मोटारींच्या मालकांची संभाषणे ऐकावी. पन्नास-साठ लक्ष रुपये मोजून घेतलेली गाडी दारात उभी आहे, आणि मालकाची झोप उडाली आहे ती कशाने? तर डॅशबोर्डाच्या आत कोठेतरी होणाऱ्या ‘टक्’ अशा एका इवल्याशा आवाजाने! ऋण काढून ती घेतली त्या ऋणाची त्यास काळजी नाही, पेट्रोलाच्या भावाची नाही. काळजी आहे ती त्या ‘टक्’ची.

गणेशचतुर्थीच्या आधी मुंबईहून तळकोकणात उतरणाऱ्या गाड्यांचा लोंढा महाडावरून पोलादपुराकडे जातो. त्या दिवसांत महाडच्या नाक्यावर चहास थांबलेल्या चार मालकांच्या बोलण्याकडे कोणी कान द्यावा. एकाच्या छताची काच करकरते, दुसऱ्याच्या दाराचे रबर किरकिरते, तिसऱ्याच्या मागच्या सीटेवरचे पट्ट्याचे बकल शेजारच्या बकलावर टकटक आपटते, चौथ्यास तर आवाज नक्की कोठून येतो हेच उमगत नाही, म्हणून तो अधिकच बेचैन आहे. परंतु ज्या रस्त्यावरून ही चौकडी येथवर आली, त्या रस्त्याविषयी चौघांपैकी एकजण तरी ब्र काढील तर शपथ! आमचा वाद आहे तो येथेच.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. गोंगाट ही काही पूज्य वस्तू आहे असे आमचे म्हणणे नाही. पदरचे दाम मोजणाऱ्याने निर्दोष माल मागावा, हे न्याय्यच होय. शिवाय अशा आवाजांपैकी पुष्कळांचे मूळ अगदी साधे असते. प्लॅस्टिकचे दोन तुकडे एकमेकांस घासतात. ते क्षणभर चिकटतात आणि सुटतात, पुन्हा चिकटतात आणि पुन्हा सुटतात, त्यातून कुरकुर उपजते. उन्हाने ते फुगतात, पावसाळी गारव्याने आकसतात. म्हणून सकाळी असलेला आवाज दुपारी नाहीसा होतो आणि गॅरेजात नेलेली गाडी मिस्त्रीपुढे हटकून मौन धरते. उपायही फार खर्चाचे नाहीत. आधी गाडीतील सुटे सामान, म्हणजे नाणी, चष्म्याची डबी, पाण्याची बाटली, डिकीतला जॅक, हे सारे उतरवून ठेवावे. निम्मे आवाज तेथेच संपतात. मग एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने एकेका भागावर तळहात दाबून पाहावे. ज्या जागी हात ठेवताच आवाज थांबतो, तेच त्याचे घर. तेथे नमद्याची चिंचोळी पट्टी लावावी, दारांच्या रबरास सिलिकॉनचे वंगण चोळावे, बकल कापडात गुंडाळावे. एवढ्याने काम भागते. जे काम अर्ध्या दिवसात उरकते त्यास आयुष्याचे व्रत करणे, हा मात्र बुद्धीचा अपव्यय आहे.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्व आवाज एका जातीचे नसतात. काही नुसते उपद्रवी असतात, तर काही साक्ष देणारे असतात. पुष्कळ गाड्यांच्या ब्रेकच्या पॅडला पोलादाची एक लहानशी जीभ मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजत झिजत धोक्याच्या रेषेपाशी आले की ही जीभ चकतीवर घासते आणि कर्कश किंचाळते. म्हणजे ज्या कारागिराने गाडी निःशब्द करण्यासाठी रात्री जागवल्या, त्यानेच एक आवाज तिच्यात जाणूनबुजून पेरून ठेवला. कारण तो आवाज ऐकू न आला तर पुढच्या वळणावर काय होईल हे त्यास ठाऊक होते. खड्ड्यातून जाताना चाकापाशी होणारी ‘खट्’ हीही त्याच जातीची. सस्पेन्शनचा एखादा बुश फाटला, एखादा सांधा ढिला झाला, हे ती सांगत असते. नमद्याची पट्टी तिच्यासाठी नाही. आवाज बंद करणे आणि आवाजाचे कारण दूर करणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि शांततेच्या नादी लागलेल्या मनुष्यास हा भेद प्रथम विसरतो.

या नादास अंतही नाही. मोठा आवाज दडपला की त्याच्या पोटात लपलेला लहान आवाज वर येतो. विजेच्या गाडीत इंजिनाची घरघर नसते, म्हणून तिच्यात पूर्वी कधी न ऐकलेल्या कुरकुरी ऐकू येऊ लागतात. १९५८ साली रोल्स-रॉईसच्या एका सुप्रसिद्ध अमेरिकन जाहिरातीने अशी शेखी मिरवली होती की, ताशी साठ मैलांच्या वेगातही या गाडीत सर्वांत मोठा आवाज होतो तो घड्याळाचा. पुढे २०२० साली त्याच कंपनीने आपल्या ‘घोस्ट’ गाडीत शंभर किलोंहून अधिक वजनाचे ध्वनिरोधक साहित्य घातले. परिणाम काय झाला? आतील शांतता इतकी गाढ झाली की तिने माणूस गोंधळून जातो, असे तिच्या तंत्रज्ञांस आढळले आणि त्यांनी एक मंद कुजबुज मुद्दाम आत राखली. कोट्यवधी रुपयांच्या मौनात शेवटी थोडासा आवाज घालावा लागला! रस्त्यावरची गोष्ट याहून बोलकी आहे. विजेच्या गाड्यांची चाहूल पायी चालणाऱ्यास लागत नाही, म्हणून युरोपात २०१९ पासून अशा नव्या गाड्यांना मंद वेगात आवाज करणारे यंत्र बसवणे कायद्याने भाग पडले. मनुष्य इंद्रियांनी जगाशी बांधलेला आहे. ती दोरी कापली की तो सुखी होत नाही, तर केवळ अधांतरी होतो.

इंग्रजी वाङ्मयाच्या अभ्यासकांस येथे कार्लाईलची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. मौनाची थोरवी ग्रंथामागून ग्रंथ लिहून सांगणारा हा पुरुष शेजाऱ्यांच्या कोंबड्यांनी आणि पियानोने इतका त्रासला की, १८५३ साली त्याने लंडनातील आपल्या घराच्या माथ्यावर आवाज न शिरणारी एक खोली बांधण्यास घेतली. पैसा गेला, घरभर धुरळा झाला, खोली उभी राहिली. पण आवाज यावयाचे ते येतच राहिले. कार्लाईलने निदान त्या खोलीत बसून फ्रेडरिक राजाचा प्रचंड इतिहास लिहिला. आमचे मोटारवाले मात्र आपल्या निःशब्द खोलीत बसून नुसते कान टवकारतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. गाडीतील खडखडाट हा बव्हंशी गाडीचा नसून रस्त्याचा असतो. गाडी ही केवळ त्याचे दुभाषेपण करते. पूर्वी सतरा क्रमांकाचा आणि आता सहासष्ट क्रमांकाचा म्हणून ओळखला जाणारा मुंबई-गोवा महामार्ग घ्या. त्याच्या चौपदरीकरणास २०११ साली प्रारंभ झाला. त्यास एक तप उलटून गेले. या काळात येथून जाणाऱ्यांनी खड्डे, वळणरस्ते, अर्धे पूल, गिट्टी आणि धूळ यांचा सर्व प्रकारचा प्रसाद घेतला. पोलादपुरापुढे कशेडीचा घाट टाळणाऱ्या बोगद्याची एक बाजू हलक्या वाहनांसाठी खुली झाली ती २०२३ च्या गणेशोत्सवात. पोलादपुराहून महाबळेश्वराकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वाट बंद पडते. आणि जेथे सिमेंटचा रस्ता झाला, तेथे त्याच्या सांध्यांवर चाकांचा ठेका बसून ‘धप् धप्’ असा एक नवाच ताल सुरू होतो. प्रत्येक रस्ता आपली हकीगत चाकांकरवी सांगत असतो. ती ऐकावयाची कोणी?

एस.टी.ची लाल गाडी ती अथपासून इतिपर्यंत ऐकते. तिच्या खिडक्यांच्या काचा खणखणतात, पत्रे थरथरतात, शेवटच्या बाकावरचा उतारू हातभर उडतो. त्यास रस्त्याची परीक्षा करण्यास यंत्र नको. त्याची पाठच सारे सांगते. परंतु त्याच्या तक्रारीस वजन नाही. ज्याच्या तक्रारीस वजन आहे, ज्याचा दूरध्वनी अधिकारी उचलतो, ज्याची ओळख मंत्र्यापर्यंत पोचते, तो दुहेरी काचांच्या आड गार वाऱ्यात बसलेला असतो. त्यास खड्डा जाणवतो तो केवळ एका ‘टक्’च्या रूपाने, आणि त्या ‘टक्’बद्दल तो दोषी धरतो गाडीस! ज्यास ऐकू येते त्यास आवाज नाही, आणि ज्यास आवाज आहे त्यास ऐकू येत नाही. आमच्या सार्वजनिक जीवनाचा यापेक्षा नेमका आराखडा आम्हांस ठाऊक नाही.

न ऐकण्याची किंमत किती असते, हे महाडकरांस सांगावयास नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या व इतर वाहने माणसांसह गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची तपासणी होऊन तो निर्धोक ठरला होता, असे पुढे सरकारतर्फे सांगण्यात आले. त्याच्या जागी नवा पूल जून २०१७ मध्ये, म्हणजे वर्ष पुरे होण्याच्या आत, उभा राहिला. म्हणजे मनात आणले तर काम होते. मात्र त्यासाठी आधी एवढा भयंकर आवाज व्हावा लागला. लहान आवाज ऐकण्याची सवय ज्या समाजाने सोडली, त्यास मोठे आवाजच ऐकावे लागतात.

आणखी एक ढोंग उघडे करणे जरूर आहे. आत टाचणी पडली तरी जो दचकतो, तोच गृहस्थ पोलादपूरच्या एस.टी. स्थानकापाशी हॉर्नवर तळहात ठेवून उभा असतो. त्याच्या काचांपलीकडे शाळेतून परतणारी मुले आहेत, डोक्यावर पाटी घेतलेली म्हातारी आहे, दवाखान्याच्या दारात बसलेले रोगी आहेत. त्यांच्या कानांचे काय? स्वतःपुरती शांतता विकत घ्यावयाची आणि गोंगाट शेजाऱ्याच्या अंगणात टाकावयाचा, ही रीत आपले घर झाडून केर दुसऱ्याच्या दारात लोटणाऱ्याहून निराळी ती कशी? शांततेची ही आवड नव्हे. ही एकटेपणाची मिजास आहे.

यावर कोणी म्हणेल, लांबच्या प्रवासात सतत घुमणाऱ्या आवाजाने चालक थकतो, म्हणून शांत गाडी अधिक सुरक्षित. आम्ही हे मान्य करतो. परंतु घुमणारी घरघर कमी करणे निराळे आणि प्रत्येक ‘टक्’चा सूड उगवणे निराळे, उलट, आवाजाच्या शोधात ज्याचे लक्ष डॅशबोर्डात अडकले आहे, तो घाटातील वळण किती सुरक्षितपणे घेईल याचा विचार वाचकांनीच करावा. दुसरा म्हणेल, आम्ही कर भरतो, रस्ता सरकारने पाहावा. आमच्या एकट्याच्या पत्राने काय होणार? गाडीबद्दल तक्रार करताना हाच गृहस्थ एकटेपणाची सबब सांगत नाही. तेव्हा तो दिवस, वेळ, वेग आणि उष्णता यांची टिपणे ठेवतो, आवाज ध्वनिमुद्रित करतो, पत्रांवर पत्रे पाठवतो आणि नवा भाग पदरात पाडून घेतल्याशिवाय गप्प बसत नाही. या चिकाटीचा दहावा हिस्सा जरी त्याने रस्त्याच्या कामी लावला, तरी पुष्कळ काम होईल. याच महामार्गासाठी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जनहित याचिका गेल्या. त्या नेणारी माणसे काही आकाशातून पडली नव्हती.

आणि गाऱ्हाणे चव्हाट्यावर कसे मांडावे, हे महाडच्या वाटेने जाणाऱ्यास दुसऱ्या कोणी शिकवावे लागू नये. चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. पण तो कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग हजारो माणसे पायी चालत गेली आणि पाणी प्याली, तेव्हा त्या कागदास अर्थ आला. त्या थोर लढ्याशी रस्त्यातील खड्ड्यांची बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. तेथे माणुसकीचा प्रश्न होता. येथे सोयीचा आणि जीविताचा आहे. परंतु कागदावरचा हक्क घरात बसून मिळत नाही, हा धडा दोहोंस सारखाच लागू आहे.

तेव्हा उंची गाडीच्या धन्यास आमचे सांगणे थोडके आहे. बकल खुशाल कापडात गुंडाळावे, रबरास वंगण लावावे; त्यात कमीपणा नाही. मात्र महाड ते पोलादपूर एवढ्या टप्प्यात तरी काच खाली करावी, गाणे बंद करावे आणि रस्ता काय म्हणतो ते ऐकावे. गाडीच्या विक्रेत्यास पत्र लिहिण्यापूर्वी एक पत्र रस्त्याच्या अधिकाऱ्यास लिहावे. त्यात खड्ड्याची जागा, तारीख आणि वेळ तितक्याच काटेकोरपणे नोंदवावी, आणि उत्तर न आल्यास दुसरे लिहावे. रस्ता सुधारला तर त्याच्या डॅशबोर्डाची कुरकुर पुष्कळशी आपोआप थांबेल, आणि त्याबरोबर मागून येणाऱ्या एस.टी.तील पन्नास माणसांची पाठही वाचेल. नमद्याच्या पट्टीने हे दुसरे काम कधी झाले नाही व होणार नाही.