पदकाआधीचा खेळ

राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान, पेठापेठांतल्या तालमी, शाहू स्टेडियमवरची फुटबॉलची ईर्षा. कोल्हापूरला खेळ शिकवावा लागत नाही. राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांचे १९५२ मधील ऑलिम्पिक कांस्य आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे २०२४ मधील कांस्य, दोन्ही या मातीशी जोडलेले. पण पाच-सहा वर्षांच्या पोराने खेळायचे कुठे? गल्लीत गाड्या, मैदानावर मोठ्यांचे सामने आणि शिबिरात पहिल्या दिवसापासून स्पर्धेची भाषा.

पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोरदार शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यासाठी कोट्यवधींचे संकुल नको. महापालिकेच्या शाळांची पटांगणे संध्याकाळी उघडावीत, मऊ माती टाकावी. लंगडी, लगोरी, खो-खो, उड्या, कोलांट्या शिकवणारा प्रेमळ प्रशिक्षक आणि मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह द्यावे. तालीम मंडळांनीही धाकट्यांसाठी एक तास राखावा. गुणपत्रक नको, निवड चाचणी नको. पदके मागाहून येतील; आधी पोरांचे गुडघे मातीने माखू द्या.