लग्नाच्या फोटोंसाठी कर्ज काढू नका

गावातील सर्व वधू-वर पालकांना कळकळीची विनंती.

तुळशीचे लग्न लागले की मुहूर्तांची घाई सुरू होईल. मंडप, जेवण, मानपान भागवता भागवता हात रिकामा होतो, आणि नेमके तेव्हाच प्री-वेडिंग, ड्रोन, एलईडी स्क्रीन, जाड अल्बम असे एकत्र बांधलेले पॅकेज समोर येते. शेजारच्या लग्नात होते म्हणून त्यासाठी पतसंस्थेची पायरी चढू नका.

दिवसभराचे शूटिंग न घेता अंतरपाटापासून पाठवणीपर्यंत गावातलाच एक चांगला फोटोग्राफर बोलवा. हळदीचे फोटो घरातली मुले मोबाइलवर छान काढतात. दाट लग्नतिथीला दर चढतो, तेव्हा जमल्यास मोकळी तिथी आणि सकाळचा मुहूर्त धरा. गोरज मुहूर्ताला दिव्यांचा खर्च वाढतो. मंडपवाल्याला छताचे कापड पांढरे लावायला सांगा. लाल-निळ्या कापडातून आलेला उजेड चेहऱ्यांवर उतरतो आणि नवरीच्या हळदीचा रंगसुद्धा फोटोत खरा येत नाही.

दोन्हीकडच्या आजी-आजोबांचे फोटो जेवणाआधीच घ्या. दुपारनंतर ती थकतात, आणि पुढे वर्षानुवर्षे घरात हेच फोटो शोधले जातात. सगळे नातलग ओळखणारी एखादी मावशी फोटोग्राफरजवळ उभी असावी.

अल्बमची घाई नको. फोटो पेनड्राइव्हवर घ्या, दोन ठिकाणी उतरवून ठेवा, सवडीने निवडक छापा. किती तास, किती फोटो, मूळ फोटो कधी मिळणार, हे इसार देतानाच कागदावर लिहून घ्या. वेगळा करार नसेल, तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा हक्क १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने काढून घेणाऱ्याचा असतो.

मात्र फोटोग्राफरचा दर पाडू नका. काम कमी द्या, ठरलेले पैसे वेळेवर द्या आणि त्याला जेवायला आठवणीने बसवा. त्याचे वर्षाचे पोट लग्नसराईच्या काही महिन्यांवरच चालते.

फोटोग्राफर बंधू-भगिनींनी अर्ध्या दिवसाचा दर ठरवून समाजमंदिराच्या फळ्यावर लिहावा. कॉलेजातल्या ज्या मुलामुलींकडे चांगला कॅमेरा आहे, त्यांनीही तिथेच नावे द्यावीत. ज्या घरी एवढीही ऐपत नाही, तिथले फोटो ही मुले विनामूल्य काढतील आणि छपाईचा खर्च आपण सर्वांनी वर्गणीतून उचलावा.