काजव्यांकडे येताय? मग एवढं वाचा

मे महिना सरत आला की आमच्याकडे पुण्या-मुंबईहून फोन सुरू होतात. "काका, काजवे आले का? या शनिवारी भंडारदऱ्याला येऊ का?" अकोले तालुक्यात जन्मभर मास्तरकी केली, तेव्हा काजव्यांचं वेळापत्रक माझ्याकडेच असणार अशी नातेवाईक मंडळींची समजूत! प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदा इथंच लिहून टाकतो. शनिवारी येऊ नका. आलातच, तर गाडी शेंडी गावातच ठेवा.

कारण सांगतो. जुनी खोड आहे, थोडं शिकवल्याशिवाय राहवत नाही.

काजवा हा भुंगेऱ्यांच्या कुळातला कीटक. आयुष्याचा बहुतेक काळ तो अळीच्या रूपात, ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात काढतो. गोगलगायी खाऊन वाढतो. पंख फुटल्यावर मात्र त्याच्या हाती जेमतेम काही आठवडे उरतात. वळवाच्या सरी पडल्या की मेअखेरीपासून पाऊस जोर धरेपर्यंत घाटघर, साम्रद, रतनवाडी, पांजरे, उडदावणे, मुरशेत या भागात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडंच्या झाडं लुकलुकू लागतात. अख्खं झाड एका लयीत उघडझाप करतं. पाहणाऱ्याला वाटतं, दिवाळी आली! पण तिथं लग्नं जुळत असतात. नर उडता उडता खूण करतो, मादी बहुधा खाली गवता-झुडपात बसून उत्तर देते. ती खूण दिसली नाही तर जोडी नाही, जोडी नाही तर अंडी नाहीत आणि अंडी नाहीत तर पुढे काजवेही नाहीत.

अशा वेळी घाटरस्त्यावर गाड्यांची रांग लागते. दिवे लखलखीत, मोबाइलच्या बॅटऱ्या सुरू, कुणी झाडाखाली जाऊन फ्लॅश मारतोय. त्या उजेडात बिचारीचं उत्तर कुणाला दिसणार? शिवाय झाडाखालचं जे गवत आपण तुडवतो, त्यातच ती बसलेली असते. हा परिसर १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. वन खात्यानं प्रवेश शुल्क लावलं, वेळेचं बंधन घातलं. चांगलं झालं. पण रात्रीला किती गाड्या याला पक्की मर्यादा नसेल, तर शुल्क भरूनही अंधार मोडतोच.

"मग बंदच करा सगळं," असं माझे काही निसर्गप्रेमी स्नेही म्हणतात. मला ते पटत नाही. इथली वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. पावसाळ्यातलं भात, नाचणी निघालं की अनेकांना मजुरीसाठी घाट उतरावा लागतो. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झालं, त्याच्या कालव्यांवर खाली राहाता, श्रीरामपूरकडे ऊस उभा राहिला. वरच्या वाड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण चुकली नाही. काजव्यांच्या दिवसांत तंबू, पिठलं-भाकरी, वाट दाखवणं यातून त्यांना चार पैसे मिळतात. शहरातल्या माणसानं उठून तेही बंद करा म्हणावं, हे मला न्यायाचं वाटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. बाहेरच्या गाड्या शेंडीपाशी थांबाव्यात. पुढे गावातल्याच जीपगाड्या, त्याही मोजक्या, दिवे मंद करून. रात्रीला किती माणसं हे आधी ठरावं आणि ते ठरवताना ग्रामसभेचा शब्द चालावा. वाटाड्या गावातला असावा आणि त्यानं सांगितलेल्या वाटेबाहेर पाय टाकू नये. बॅटरी लागलीच तर तिला लाल कागद बांधावा. माणसं कमी आली तर माणशी पैसे जास्त घ्यावेत. आपल्या मंडळींना ते जड जाऊ नये, लग्नात आहेर करतोच की आपण!

आणि एक विनंती. फोटो नाही आला तरी चालेल, हे घरून ठरवूनच निघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढं गप्प बसणं ज्या मुलांना जमेल, त्यांना जरूर आणा. भाकरीची सोय आमच्याकडे आहेच.