लाईव्ह टीव्ही आता कोण बघतंय?

दोन दिवस झाले भुरभुर चालू आहे, वापसा नाही, कोळपं कोपऱ्यात उभं. म्हणून आज शेतातलं कमी अन् घरातलं जास्त लिहितो.

थोरला पुण्याहून आला की एकच सांगतो, "अण्णा, टीव्हीचा रिचार्ज बंद करा. सगळं मोबाईलवर येतं. लाईव्ह कोण बघतंय आता?" त्याचं अर्धं खरंय. आमच्या घरी मालिका टीव्हीवर कोणी बघत नाही. सून दुपारी भाकरी झाल्या की फोनवर कालचा भाग बघती. 1987 ला रामायणासाठी रविवारी सकाळी अख्खी गल्ली एका घरात कोंबायची, ते दिवस गेले. मला त्याचं दुःखही नाही. गर्दीत मागं बसून मला निम्मं दिसायचंच नाही.

पण 29 जून 2024 ची रात्र आठवा. टी-ट्वेंटी वर्ल्डकपची फायनल, दक्षिण आफ्रिकेसंगं. आमच्या घरात टीव्हीवर सामना चालू, अन् थोरला ओट्यावर फोन घेऊन. शेवटच्या षटकात सूर्यकुमारनं सीमेवर मिलरचा झेल घेतला अन् आम्ही ओरडलो. ओट्यावरून आवाज, "काय झालं? काय झालं?" त्याच्या फोनवर हार्दिकनं चेंडू टाकलाच नव्हता. फोनवरचं लाईव्ह टीव्हीच्या मागं चालतं, नेट मंद असलं तर जास्तच मागं. तो फोन खिशात घालून आत आला, अन् सात धावांनी जिंकलेलं आमच्यातच बसून बघितलं.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. 2007 च्या कायद्यामुळं भारताचे मोठे सामने खाजगी चॅनलला दूरदर्शनलाही द्यावे लागतात. म्हणून फ्री डिशवर ते महिन्याचा रिचार्ज न मारता दिसतात. छत्री अन् डबा एकदा घेतला की झालं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. 2023 चा जून. एक सरी बरी पडली होती. ग्रुपवर एक व्हिडिओ आला, आठ दिवस मराठवाड्यात जोरदार पाऊस, पेरणीला लागा. माय समोरच्या खोलीत बातम्या बघत बसलेली. बातम्यांत समुद्रातलं ते बिपरजॉय वादळ गरगर फिरताना दाखवत होते. ती म्हणली, "अरे, पाऊस लांबलाय म्हणतेत. दम धर." मी म्हणलं, "बाई, तुला काय कळतंय, हे बघ मोबाईलवर." परभणीचं कृषी विद्यापीठ दरसाल सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका. मला ते पाठ आहे. तरी तीन एकर पेरलं.

पाऊस आला जून संपता संपता. तोवर बियाणं मातीत कुजून गेलं होतं. दुबार पेरणी. नंतर पोरानं तो व्हिडिओ शोधून काढला, तर तो आदल्या वर्षीचा! कोणीतरी पुन्हा फिरवला होता. माय एका शब्दानं बोलली नाही, ते जास्त लागलं.

तेव्हापासून माझं मत झालंय की लाईव्हचं मोल मालिकेला नाही, तारखेला आहे. टीव्हीवरची बातमी चांगली-वाईट, आरडाओरड्याची, कशीही असो, ती आजची असते. फोनवर कालचं, परवाचं, दोन वर्षांपूर्वीचं एकाच रांगेत उभं राहतं अन् सगळं ताजंच दिसतं.

म्हणून टीव्हीचीच आरती करतो असं नाही. टीव्हीला मुंबई दिसती, आमचा तालुका दिसत नाही. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेची मोजणी होती अन् त्याच दिवशी नांदेड लोकसभेच्या पोटनिवडणुकीचीही. काँग्रेसचे रवींद्र चव्हाण 1457 मतांनी निघाले, एवढी चुरस. पण चॅनलवाले सगळे राज्यात गुंतलेले. आमच्या लोकसभेचा आकडा पोरांच्या फोनवरच कळत होता. मोंढ्यातला सोयाबीनचा भाव टीव्ही सांगत नाही, तो आडतीवरून फोनवरच येतो. विजेसाठी दामिनी ॲप माझ्याकडं आहे, गडगडलं की गड्यांना झाडाखालून आधी उठवतो. अन् 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाण्यानं हाहाकार केला तेव्हा लाईट गेली की टीव्ही मुका. जोवर चार्जिंग होती तोवर फोननंच साथ दिली.

तर थोरल्याचं अर्धं ऐकलं. महिन्याचा रिचार्ज बंद केला अन् माळवदावर फ्री डिशची छत्री बसवली. मायला सह्याद्रीच्या बातम्या दिसतात, सामने दिसतात. परवा वाऱ्यानं छत्री हलली, चित्र गेलं. ती म्हणली, "आधी ती सरळ कर, मग शेतात जा."

गेलो वर. तुमच्याकडं काय चालतं ते खाली लिहा. अन् पावसाचा व्हिडिओ पुढं पाठवायच्या आधी तारीख बघा रे बाबांनो.