दोष अभ्यासक्रमाचा की अंमलबजावणीचा?

शिक्षक वर्गातच घडतो, बी.एड.ची दोन वर्षे वाया जातात, हे एका पत्रलेखकाचे मत अर्धेच खरे आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले, ते व्याख्याने वाढवण्यासाठी नव्हे. त्याच नियमांत २० आठवडे शाळेशी निगडित कामाला दिले आहेत. म्हणजे वर्गातला अनुभव हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. शिकवायला केवळ विषयाचे ज्ञान पुरेसे असते, तर सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ रोजी प्राथमिक शिक्षकपदासाठी बी.एड. अपात्र ठरवले नसते. लहान मुलांना शिकवण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण लागते, हाच त्या निकालाचा गाभा.

अनेक महाविद्यालयांत हजेरी आणि पाठ कागदावरच उरकले जातात, हा आक्षेप मात्र रास्त आहे. महाराष्ट्रातील डी.टी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेच्या वादातूनच न्या. वर्मा आयोग नेमला गेला आणि २०१२च्या अहवालाने अध्यापक शिक्षणाची दुरवस्था मांडली. पण औषधात भेसळ झाली म्हणून कोणी उपचार बंद करत नाही. प्रशिक्षणाच्या खर्चाचा त्यांचा मुद्दाही खरा आहे. त्यावर उत्तर शिष्यवृत्ती आणि सराव-काळातील विद्यावेतन हे आहे, प्रशिक्षणाला फाटा देणे नव्हे. बारावीनंतरच्या चार वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमाने, आधी पदवी आणि मग बी.एड. करण्याच्या तुलनेत, एक वर्ष वाचते, हेही लक्षात घ्यावे. मान्यता देणाऱ्यांनी इमारती मोजण्याऐवजी सरावपाठ प्रत्यक्ष पाहावेत, ही विनंती.

– एक वाचक, बेलूर (धारवाड)