नदीचं नको, डोंगराचं सांगा

पावसानं जोर धरला की भाजे, मळवली, देवले भागातल्या घराघरांत फोन वाजू लागतात. नाशिकची ताई, दुबईचा दादा, सगळ्यांनी टीव्हीवर ‘लोणावळ्यात पूर’ पाहिलेला असतो. इकडचा धाकटा मग मळवलीजवळच्या इंद्रायणीचा एक व्हिडिओ पाठवून मोकळा होतो. तो कधीकधी गेल्या वर्षीचाही असतो! पलीकडच्यांची झोप उडते, कळत मात्र काहीच नाही.

इंद्रायणी चढली की रस्ता बंद होतो, भातखाचरं बुडतात, बंगल्यांत पर्यटक अडकतात. जुलै 2024 मध्ये हे सगळं झालं. हाल होतात, पण नदीचं पाणी चढताना निदान दिसतं. भाजे मात्र विसापूर किल्ल्याच्या पायथ्याला आहे. 1989 च्या जुलैत याच गावावर दरड कोसळली आणि 39 माणसं गेली. नदीचा व्हिडिओ पाहून ताईला या धोक्याचा पत्ता लागणार कसा?

म्हणून तिला डोंगराचं सांगा. घरामागच्या उतारावर नवी भेग पडलीय का, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालंय का, झाडं किंवा विजेचे खांब कलले आहेत का, दार चौकटीत अडकायला लागलंय का. किती पाऊस पडला, ते हवामान खातं तिला सांगेलच.

लांबच्या भावंडाला हे कळवायचं ते निव्वळ जीव भांड्यात पडावा म्हणून नव्हे. घरातली म्हातारी माणसं ‘गुरं कोण बघणार?’ म्हणून जागची हलत नाहीत. जवळच्या मुलाचं ती ऐकत नाहीत; तो रोजचाच. लांबच्या लेकीचा शब्द सहसा मोडवत नाही, हा माझा अनुभव आहे. तो शब्द वेळेवर वापरला पाहिजे, दरड आल्यावर उशीर झालेला असतो. इर्शाळवाडीवर 19 जुलै 2023 ला दरड आली ती रात्री. माळीणच्या दरडीची खबर 30 जुलै 2014 ला बाहेर पोचवली ती एसटीच्या चालकानं. तो गाडी घेऊन गेला, तर गाव जागेवर नव्हतं.

तेव्हा बाहेरगावी असलेल्या ताई-दादांनो, नुसतं ‘काळजी घे’ म्हणून फोन ठेवू नका. भेगेचं, गढूळ पाण्याचं विचारा. उत्तर ‘हो’ आलं तर अंधार पडायच्या आत आई-वडिलांना तिथून हलवायला लावा आणि तलाठी, पोलीस पाटील यांनाही कळवा. गुरांचं उजाडल्यावर बघता येईल.